कैद्यांचं बेट, प्राण्यांचं बेट

टास्मानियाच्या पूर्व किनाऱ्यावर ट्रायाबना नावाचं लहान बंदर आहे. तिथून बोटीने मर्क्युरी सामुद्रधुनी ओलांडली की मराया बेट लागतं. नकाशावरचं स्पेलिंग बघून आपण त्याला 'मारिया' म्हणू, पण तिथली माणसं 'मराया' म्हणतात आणि या पुस्तकातही तेच रूप ठेवलं आहे. क्षेत्रफळ साधारण ११५ चौरस किलोमीटर, म्हणजे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाहून थोडंसंच जास्त. उत्तरेचा मोठा डोंगराळ भाग आणि दक्षिणेचा लहान भाग वाळूच्या एका अरुंद पट्टीने जोडलेला आहे. बेटावर दुकान नाही, पर्यटकांना गाडी नेता येत नाही, शिधा ज्याचा त्याने न्यायचा. १९७२पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे. डार्लिंग्टनच्या जुन्या वसाहतीत कैद्यांची बराक अजून उभी आहे, आणि उतरत्या उन्हात तिच्या आसपासच्या गवतावर वॉम्बॅट चरायला बाहेर पडतात.

अशा ठिकाणाची ओळख करून देताना बहुधा दोन कप्पे केले जातात. एकात इतिहास, म्हणजे तुरुंग, कैदी, पडक्या भिंती. दुसऱ्यात वन्यजीव, म्हणजे कांगारू, पेंग्विन, दुर्मीळ पक्षी. या पुस्तकाच्या लेखिकेने हे कप्पे ठेवलेले नाहीत आणि मरायाच्या बाबतीत मला तेच योग्य वाटतं. डार्लिंग्टनच्या गवतावर चरणारा वॉम्बॅट मूळचा तिथला नाही. त्याच्या पूर्वजांना माणसाने पाण्यापलीकडून आणून सोडलं. तो चरतो ती मोकळी कुरणं कैद्यांनी आणि त्यांच्यानंतरच्या शेतकऱ्यांनी झाडं तोडून केली. आणि ज्या वर्षांत पहिले कैदी इथे उतरले, त्याच वर्षांत बेटाचे मूळ रहिवासी आपल्या भूमीवरून हाकलले गेले. यातलं एक सांगायला घेतलं की बाकीचं सोबत येतंच.

लेखिकेचं म्हणणं थोडक्यात असं की गेल्या दोनशे वर्षांत मरायाबद्दलचे मोठे निर्णय बाहेर बसलेल्या माणसांनी घेतले आणि त्या प्रत्येक निर्णयाचं स्वरूप एकच होतं : कुणाला तरी इथे नेऊन ठेवायचं. आधी गुन्हेगारांना, मग संकटात सापडलेल्या प्राण्यांना. एकदा शिक्षा म्हणून, एकदा संरक्षण म्हणून. दोन्ही वेळी भोवतालच्या पाण्याकडे भिंत म्हणून पाहिलं गेलं, आणि दोन्ही वेळी आधीपासून तिथे कोण राहतं हा प्रश्न मागे पडला.

या सगळ्याआधीचं बेट कसं होतं ते आधी पाहू. उत्तर टोकाला 'फॉसिल क्लिफ्स' नावाचे चुनखडकाचे कडे आहेत. सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीच्या, पर्मियन काळातल्या थंडगार समुद्राच्या तळाशी साचलेले शंखशिंपले त्यांत थरावर थर दाबले गेले आहेत. मधूनच एखादा परका दगड रुतलेला दिसतो. तो तरंगत्या हिमखंडातून सुटून तळाला गेलेला असतो. त्या काळी टास्मानिया आणि भारत गोंडवनाच्या एकाच भूखंडाचे भाग होते. चंद्रपूर जिल्ह्यात हिमनद्यांच्या ज्या खुणा सापडतात आणि वर्धा खोऱ्यात जो कोळसा निघतो, तो याच पर्मियन कालखंडाचा. पश्चिम किनाऱ्यावर 'पेंटेड क्लिफ्स' आहेत. वालुकाश्मात लोहमिश्रित पाणी झिरपून त्यावर तांबड्या-पिवळ्या रंगांच्या लहरी उमटल्या आहेत. वरच्या डोंगरांवर डोलेराइटचे खांब आणि शिखरं, सर्वांत उंच ७०० मीटरच्या थोडं वर. भूगर्भशास्त्राची आवड असलेल्याला इथे आठवडा कमी पडेल, पण पुस्तकाचा भर तिथे नाही.

बेटाचे मूळ रहिवासी टायरेडेमी. टास्मानियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ऑयस्टर बे समूहांपैकी हे एक कुळ. झाडाच्या साली मोळ्यांसारख्या बांधून केलेल्या होड्यांतून ते मर्क्युरी सामुद्रधुनी पार करत. या होड्या थोड्या वेळाने पाण्याने जड होत, म्हणजे प्रत्येक फेरी हवामान आणि प्रवाह पारखूनच करावी लागे. किनाऱ्यावर त्यांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे ढीग आजही आहेत. युरोपियनांच्या नोंदींत हे बेट पहिल्यांदा येतं १६४२ साली. आबेल टास्मानने बटाव्हियाच्या डच गव्हर्नर-जनरलच्या, अँटनी फॉन डीमनच्या, पत्नीचं नाव त्याला दिलं. याच फॉन डीमनच्या कारकिर्दीत, १६३७ साली, आपल्या वेंगुर्ल्यात डचांची वखार उभी राहिली आणि त्यांची जहाजं गोव्याच्या तोंडाशी नाकेबंदी करून बसत होती. मसाल्याच्या व्यापाराचा जो हात कोकणात पोचला, त्याच हाताने दक्षिण समुद्रातल्या एका बेटाच्या नावावर सही केली. टास्मान तिथे उतरलासुद्धा नाही.

उतरले ते पुढच्या शतकात. १७८९ साली जॉन हेन्री कॉक्सचं 'मर्क्युरी' जहाज इथे थांबलं. सामुद्रधुनीचं नाव त्यावरून पडलं. त्याहून महत्त्वाची भेट फ्रेंचांची. १८०२च्या फेब्रुवारीत निकोला बोदँच्या मोहिमेतले निसर्गशास्त्रज्ञ आणि चित्रकार बेटावर होते. त्यांच्यातला प्राणिशास्त्रज्ञ रने मोजे इथेच वारला आणि इथेच पुरला गेला. मोहिमेतल्याच फ्रांस्वा पेराँला मृतांना दहन दिल्यानंतर अस्थींवर सालींनी रचलेली थडगी दिसली. त्याने ती उघडून पाहिली, मोजली, वर्णन करून ठेवली. चित्रकार पेतीने टास्मानियाच्या लोकांची जी चित्रं काढली ती आज अमूल्य आहेत, कारण त्यांतल्या चेहऱ्यांना व्यक्तिमत्त्व आहे. पण याच पेराँने टास्मानियातल्या लोकांच्या हाताची ताकद यंत्राने मोजली आणि ते युरोपियनांहून दुबळे आहेत असा निष्कर्ष काढला. कुतूहल आणि अहंकार एकाच वहीत शेजारी शेजारी नांदत होते. मरायाच्या नकाशावर आजही पेराँ, लसूर, मोजे, रीदले ही फ्रेंच नावं टोकांवर आणि उपसागरांवर आहेत. टायरेडेमींनी त्या जागांना दिलेली नावं मात्र फार थोडी उरली.

पुस्तकाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग यापुढचा आहे. १८२५ साली ब्रिटिशांनी डार्लिंग्टनला कैद्यांची वसाहत वसवली. एकदा शिक्षा होऊन टास्मानियाला, म्हणजे त्या वेळच्या व्हॅन डीमन्स लँडला, आलेल्यांनी पुन्हा गुन्हा केला की त्यांना मरायाला धाडायचं. त्यांच्याकडून लाकूडतोड, चामडं कमावणं, कापड आणि जोडे तयार करणं अशी कामं करून घेत. १८२५चं धान्यकोठार आणि त्यानंतर बांधलेली बराक अजून उभी आहेत. कैदी पळून जात राहिले. तराफे बांधत, होड्या पळवत. १८३०मध्ये पोर्ट आर्थर सुरू झालं आणि १८३२मध्ये मरायाची वसाहत बंद झाली.

आता याच सात वर्षांत पलीकडच्या किनाऱ्यावर काय चाललं होतं ते लेखिका शेजारी मांडते. वसाहतवाल्यांनी मेंढ्यांसाठी जमिनी घेतल्या, मूळ लोकांनी प्रतिकार केला, आणि 'ब्लॅक वॉर' या नावाने ओळखला जाणारा संघर्ष याच काळात टोकाला गेला. ऑयस्टर बे आणि बिग रिव्हर या समूहांतले उरलेले लोक १८३१च्या अखेरीस शरण आले. उरले होते फक्त २६. त्यांना बास सामुद्रधुनीतल्या फ्लिंडर्स बेटावर नेलं गेलं. म्हणजे ब्रिटिश सरकार आपल्या नकोशा माणसांना एका बेटावर ठेवत होतं आणि जमिनीच्या मूळ मालकांना दुसऱ्या. तुरुंगाच्या इतिहासकारांनी पहिली गोष्ट लिहिली आणि वंशविनाशाच्या इतिहासकारांनी दुसरी. दोन्ही एका तारखेखाली वाचल्यावर जे दिसतं, ते सुटं वाचून मला कधी दिसलं नव्हतं.

दुसरा अध्याय १८४२ ते १८५०चा. कैद्यांना टप्प्याटप्प्याने सुधारायचं, शिस्त, श्रम आणि धर्मोपदेश यांतून मोकळीक कमवायला लावायची, अशी 'प्रोबेशन' पद्धत आली आणि डार्लिंग्टन पुन्हा भरलं. याच काळातले दोन कैदी वेगळे उठून दिसतात. विल्यम स्मिथ ओब्रायन हा आयर्लंडचा खासदार. १८४८च्या उठावाबद्दल झालेली फाशी रद्द होऊन त्याला हद्दपारी मिळाली. पळून जाणार नाही असं वचन द्यायला त्याने नकार दिला म्हणून त्याला मरायावर ठेवलं. पळण्याचा त्याचा प्रयत्न फसला आणि त्याची रवानगी पोर्ट आर्थरला झाली. दुसरा होहेपा ते उमुरोआ. न्यूझीलंडमध्ये इंग्रजांविरुद्ध लढल्याबद्दल हद्दपार केलेल्या पाच माओरींपैकी एक. १८४७ साली तो क्षयाने इथेच गेला. उरलेल्या चौघांना पुढच्या वर्षी मायदेशी पाठवलं गेलं. त्याच्या थडग्यावर माओरी भाषेतला लेख कोरलेला आहे. १९८८ साली त्याच्या लोकांनी त्याच्या अस्थी परत नेल्या आणि व्हांगानुई नदीकाठी पुरल्या. तो गेल्याला तेव्हा १४१ वर्षं झाली होती.

आपल्याकडच्या वाचकाला इथे अंदमान आठवेल आणि ते बरोबरच आहे. मरायाची वसाहत दुसऱ्यांदा बंद झाल्यावर आठच वर्षांनी, १८५८मध्ये, त्याच साम्राज्याने पोर्ट ब्लेअरला कैदी उतरवले. तिथेही आधीपासून राहणारी माणसं होती.

कैदी गेल्यावर बेट भाडेकऱ्यांकडे गेलं. १८८४मध्ये डिएगो बर्नाकी हा इटालियन रेशीम व्यापारी आला. त्याने द्राक्षमळे लावले, रेशमाचं स्वप्न पाहिलं, डार्लिंग्टनचं नाव 'सॅन डिएगो' केलं, कॉफी पॅलेस बांधला. कंपनी काही वर्षांत बुडाली. १९२०च्या दशकात चुनखडकासाठी सिमेंटचा कारखाना उभा राहिला आणि फॉसिल क्लिफ्समध्ये खाण खणली गेली. कोट्यवधी वर्षांचे शंखशिंपले भट्टीत गेले. १९३०मध्ये तोही थांबला. सिमेंटचे उंच कोठे धक्क्याजवळ अजून दिसतात. बर्नाकीचा मुलगा लुई पुढे अंटार्क्टिकाचा शास्त्रज्ञ झाला. आधी बोर्चग्रेविंकच्या आणि मग स्कॉटच्या 'डिस्कव्हरी' मोहिमेत तो होता. बर्नाकी कुटुंबाची कहाणी रंगवायला सोपी आहे आणि पर्यटनाच्या पत्रकांत तिला भरपूर जागा मिळते. लेखिकेने ती आटोपती ठेवली याबद्दल मी तिचा आभारी आहे.

हा इतिहास लिहिण्याची पद्धतही बदलत गेली. १८५६ साली वसाहतीने व्हॅन डीमन्स लँड हे नाव टाकून टास्मानिया हे नाव घेतलं, ते कैद्यांच्या आठवणीपासून सुटका हवी म्हणून. पुढे कित्येक पिढ्या घरात कैदी पूर्वज असणं लपवण्याची गोष्ट होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हवा पालटली. पडक्या भिंतींना वारसा म्हणून मान मिळाला. २०१०मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ११ कैदी-स्थळांचा युनेस्कोने जागतिक वारशात समावेश केला आणि डार्लिंग्टन त्यांत आलं. आता तिसरी दृष्टी जोर धरते आहे, ती टास्मानियाच्या मूळ लोकांच्या वंशजांची. त्यांच्या लेखी कैदी-वसाहत हे या भूमीच्या दीर्घ इतिहासातलं एक अलीकडचं पान. माझ्या मते येत्या काळात मरायाबद्दल जे नवं लिहिलं जाईल ते याच दिशेने येईल.

आता प्राण्यांकडे. आणि त्याआधी थोडं बेटांच्या विज्ञानाकडे, कारण नव्या वाचकाला ही पार्श्वभूमी हवी. बेटांवरून निसर्गाचे नियम शोधण्याची परंपरा आल्फ्रेड रसेल वॉलेसपासूनची. १९६७मध्ये मॅकार्थर आणि विल्सन यांनी बेटाचा आकार आणि मुख्य भूमीपासूनचं अंतर यांवरून तिथे किती जाती टिकतील याचा सिद्धांत मांडला. पण बेटाचा अभ्यास करणं वेगळं आणि बेटाचा आसऱ्यासाठी वापर करणं वेगळं. दुसऱ्या परंपरेचा उगम न्यूझीलंडमध्ये सापडतो. १८९४ साली रिचर्ड हेन्री हा एकांडा माणूस रेझोल्यूशन बेटावर रखवालदार म्हणून गेला आणि त्याने न उडणारे काकापो पोपट आणि किवी शेकड्यांनी होडीतून तिथे हलवले. १९००मध्ये स्टोट नावाचा मुंगसाहून लहान शिकारी पोहत बेटावर पोचला आणि सगळं व्यर्थ गेलं. त्या अपयशातून न्यूझीलंडच्या पंथाची शिकवण तयार झाली : बेट आधी शिकाऱ्यांपासून मोकळं करा, मग पक्षी न्या. १९८०च्या सुमारास चॅटम बेटांवर काळ्या रॉबिनचे पाचच पक्षी उरले होते. डॉन मर्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांना वाचवलं ते याच शिकवणीवर.

टास्मानियाने वेगळा रस्ता धरला. तिथे थायलसिनचं, म्हणजे टास्मानियन वाघाचं, शल्य होतं. शेवटचा ज्ञात थायलसिन होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात ७ सप्टेंबर १९३६ रोजी मेला. कायद्याने संरक्षण मिळून दोन महिनेही झाले नव्हते. पुढच्या पिढीच्या वन्यजीव अधिकाऱ्यांनी ठरवलं की पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. १९६०च्या दशकात सरकारने मरायावरच्या जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली. त्याच सुमारास फॉरेस्टर कांगारू, बेनेट्स वॉलबी, वॉम्बॅट आणि केप बॅरन गूज बेटावर आणून सोडण्यात आले. केप बॅरन गूज तर त्या काळी नामशेष होण्याच्या बेतात आहे असं मानलं जात होतं. १९७२मध्ये उद्यान जाहीर झालं. याच वर्षी जलविद्युत प्रकल्पाखाली पेडर सरोवर बुडालं आणि त्या आंदोलनातून जगातला पहिला हरित पक्ष टास्मानियात जन्माला आला. निसर्ग राखण्याची आस आणि तो गमावल्याचं दुःख, दोन्ही तेव्हा ताजी होती. मरायाला लोक 'नोआची नौका' म्हणू लागले ते तेव्हापासून.

आणलेले प्राणी रुजले, इतके की पंचाईत झाली. कैद्यांनी मोकळी केलेली कुरणं होती, शिकारी एकही नव्हता. कांगारू आणि वॉलबी वाढत गेले, गवत मुळाशी आलं, प्राणी उपाशी मरू लागले, आणि वाचवण्यासाठी आणलेल्या प्राण्यांची संख्या बंदुकीने कमी करण्याची वेळ उद्यानावर आली. हे बाहेर फारसं सांगितलं जात नाही. पुस्तकात ते स्पष्ट शब्दांत आहे.

मग डेव्हिल. टास्मानियन डेव्हिल हा मांसाहारी, पोटाला पिशवी असलेला, लहान कुत्र्याएवढा पण जबड्याने दणकट प्राणी. १९९६मध्ये ईशान्य टास्मानियात चेहऱ्यावर गाठी असलेले डेव्हिल दिसले. तपासात निघालं ते वैद्यकशास्त्रालाही थक्क करणारं होतं. हा कर्करोग संसर्गजन्य आहे. एकमेकांना चावताना जिवंत कर्कपेशीच एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या जखमेत रुजतात. विषाणू नाही, जंतू नाही, एकाच आद्य गाठीच्या पेशी हजारो प्राण्यांत वाढत राहतात. गाठ वाढली की खाता येत नाही, काही महिन्यांत प्राणी मरतो. काही भागांत ८० टक्क्यांहून जास्त डेव्हिल गेले. २००८मध्ये जात 'संकटग्रस्त' ठरली. प्राणिसंग्रहालयांत निरोगी डेव्हिल राखले गेले, पण पिंजऱ्यात वाढलेला प्राणी शिकार विसरतो. रोग पोचू शकणार नाही अशी मोकळी जागा हवी होती. २०१२च्या नोव्हेंबरमध्ये मरायावर १५ डेव्हिल सोडले आणि पुढच्या वर्षी आणखी १३. मरायावर याआधी डेव्हिल असल्याची नोंद नाही.

ते फोफावले. काही वर्षांत संख्या शंभराच्या आसपास गेली. इथे वाढलेले निरोगी डेव्हिल पुढे मुख्य टास्मानियात नेऊन सोडता आले. रोगाचं उच्चाटन झालेलं नाही, पण ही जात नामशेष होईल ही भीती आज पूर्वीइतकी राहिलेली नाही. त्यात मरायाचा वाटा आहे आणि तो खरा आहे.

किंमतही खरी आहे. उद्यानाच्या मोजणीनुसार डेव्हिल येण्यापूर्वी मरायावर लिटल पेंग्विनच्या सुमारे ३,००० जोड्या विणीसाठी येत. जेमतेम किलोभर वजनाचा हा पक्षी जमिनीतल्या बिळात अंडी घालतो. २०२१मध्ये बर्डलाइफ टास्मानियाने जाहीर केलं की ती वसाहत पूर्ण नाहीशी झाली आहे. शॉर्ट-टेल्ड शिअरवॉटर, ज्याला टास्मानियात मटनबर्ड म्हणतात, तोही बिळातच वितो. दरवर्षी उत्तर प्रशांत महासागरापर्यंत जाऊन पुन्हा नेमक्या त्याच बेटावर परतणारा हा पक्षी. त्याच्या मरायावरच्या वसाहतीही कोसळल्या. पॉसमचं वागणंही बदललं. आधी बिनधास्त जमिनीवर उतरणारे पॉसम आता कान टवकारून खातात आणि लवकर झाडावर परततात, हे अभ्यासातून दिसलं आहे.

या प्रश्नावर संशोधकांत आणि संरक्षकांत मतं फुटली आहेत. एक बाजू म्हणते की लिटल पेंग्विन आणि मटनबर्ड इतरत्र लाखोंनी आहेत, डेव्हिल फक्त टास्मानियात आहे, तेव्हा निवड कठीण असली तरी समजण्यासारखी आहे. दुसरी बाजू न्यूझीलंडच्या अनुभवाकडे बोट दाखवते : बिळात विणाऱ्या समुद्रपक्ष्यांच्या बेटावर जमिनीवरचा शिकारी सोडला की काय होतं हे शंभर वर्षांपासून ठाऊक होतं. तिसरा विचार असा की मुख्य टास्मानियात शिकाऱ्यांनी भक्ष्याच्या वागण्याला जो आकार दिला होता, तो मरायावर प्रथमच पाहायला मिळतो आहे आणि बेटाच्या परिसंस्थेत नसलेली एक पायरी आता आली आहे. लेखिकेचा कल दुसऱ्या बाजूकडे आहे. डेव्हिलना आता मरायावरून हलवावं असं ती सुचवते. मला तिचं म्हणणं पूर्ण पटत नाही. २०१२मध्ये निर्णय घेणाऱ्यांसमोर एक अख्खी जात जाण्याची शक्यता होती, आणि थायलसिनची आठवण असलेल्या समाजाने जोखीम पत्करली नसती तर आज आपण त्यांना त्याहून कठोर प्रश्न विचारले असते. मात्र पेंग्विनचा हिशेब आधी मांडायला हवा होता आणि नंतर लवकर मान्य करायला हवा होता, या तिच्या म्हणण्याशी मी सहमत आहे.

डेव्हिलच्या वादात दोन गोष्टी झाकल्या जातात. पहिली, चाळीस ठिपक्यांचा पार्डलोट. मुठीत मावणारा, हिरवट पिवळा, पंखांवर पांढरे ठिपके असलेला हा पक्षी टास्मानियाबाहेर कुठेच नाही आणि मराया हा त्याच्या मोजक्या आधारांपैकी एक. तो पांढऱ्या गमवृक्षावर अवलंबून असतो, झाडाच्या पानांतून स्रवणारा गोड चीक पिल्लांना भरवतो. पांढरे गमवृक्ष नाहीत तर पार्डलोट नाही. दुसरी, समुद्र. १९९१पासून बेटाच्या वायव्य किनाऱ्यालगत सागरी राखीव क्षेत्र आहे, आणि तेव्हापासून टास्मानिया विद्यापीठाचे संशोधक तिथे मोजणी करत आले आहेत. मासेमारी बंद असलेल्या पाण्यात शेवंडांची संख्या आणि आकार दोन्ही वाढले. हे इतक्या दीर्घ नोंदींनी दाखवणारी ठिकाणं जगात फार नाहीत. पण त्याच काळात पूर्व ऑस्ट्रेलियाचा उष्ण प्रवाह दक्षिणेकडे सरकतो आहे. त्याबरोबर लांब काट्यांचे अर्चिन नावाचे समुद्रप्राणी उत्तरेहून आले आणि केल्प हे मोठं समुद्री शेवाळ खाऊन खडक बोडके करू लागले. टास्मानियाच्या किनाऱ्यावरची महाकाय केल्पची जंगलं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून झपाट्याने घटली. २०१२मध्ये, म्हणजे डेव्हिल मरायावर उतरले त्याच वर्षी, ही केल्पची जंगलं संकटग्रस्त परिसंस्था म्हणून नोंदली गेली. मोठा शेवंड हा अर्चिन खातो, म्हणून राखीव पाण्यातला प्रत्येक मोठा शेवंड मोलाचा. भोवतालचं पाणी ही भिंत आहे या समजाला इथे तडा जातो. उष्ण पाणी कुठल्याही राखीव रेषेला थांबत नाही.

हे सगळं मराठीत का आणावं, असं कुणी विचारेल. २०२३मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात नेऊन सोडण्यात आल्या. एका जंगलात जास्त झालेले किंवा धोक्यात असलेले प्राणी दुसरीकडे हलवणं हे आता आपल्याकडेही धोरण आहे आणि ते वाढत जाईल. नव्या जागी आधीपासून राहणाऱ्या प्राण्यांचं आणि माणसांचं काय, गायरानांचं काय, किती वर्षं नोंदी ठेवायच्या, अपयश कधी मान्य करायचं, हे प्रश्न मरायाने पन्नासहून जास्त वर्षं अनुभवले आहेत. वनखात्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी आणि वन्यजीवांवर लिहिणाऱ्या पत्रकारांनी हे पुस्तक वाचावं अशी माझी इच्छा आहे ती यासाठी.

लेखिकेने काय केलं आहे आणि काय केलेलं नाही, तेही सांगायला हवं. ही पर्यटकांची मार्गदर्शिका नाही. बोटीच्या वेळा आणि तंबूच्या जागा इथे मिळणार नाहीत. पक्ष्यांची यादी परिशिष्टात आहे, पण पुस्तक त्या यादीसाठी लिहिलेलं नाही. प्रत्येक भागात तिने एक जागा घेतली आहे, एखादी इमारत, एखादा किनारा, एखादी कुरणाची पट्टी, आणि त्या जागेवर काय काय घडलं ते खडकापासून आजपर्यंत थरांसारखं उलगडलं आहे. त्यामुळे डार्लिंग्टनच्या कुरणावर कैदी, मेंढ्या, कांगारू आणि डेव्हिल एकापाठोपाठ येतात. वैज्ञानिक संज्ञा कमीत कमी ठेवल्या आहेत आणि जिथे आल्या तिथे समजावल्या आहेत. टायरेडेमींबद्दल लिहिताना ती सावध आहे. ज्या नोंदी आहेत त्या बहुतेक परक्यांनी केलेल्या, हे ती वारंवार जाणवून देते आणि कल्पनेने रिकाम्या जागा भरत नाही. मला ही सावधगिरी आवडली, जरी तिच्यामुळे तो भाग इतरांच्या मानाने लहान राहिला आहे.

वाचायची सुरुवात कुठूनही करता येईल. प्राण्यांच्या ओढीने आलेल्यांनी डेव्हिलच्या भागाने सुरुवात केली तरी चालेल, पण तिथून त्यांनी १८२५-३२च्या भागाकडे मागे यावं. इतिहासाच्या वाचकांनी उलटं करावं आणि सागरी राखीव क्षेत्राचा भाग वगळू नये. तो वाचताना शेजारी बेटाचा नकाशा उघडा ठेवला तर बरं, कारण त्यात येणाऱ्या जागा बहुतेक वायव्य किनाऱ्यावरच्या आहेत आणि पहिल्या वाचनात त्यांची गल्लत होते.